रिपोर्ट नॉर्मल, मग अंगात त्राण का नाही?

प्रश्न: माझ्या पत्नीचं वय ४१. सहा वर्षांपासून तिला रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. दर रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आणि रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेते. स्टिरॉइडची रोजची छोटी गोळी दीड वर्ष चालू होती, ती तीन महिन्यांपूर्वी बंद झाली. सांध्यांची सूज जवळजवळ गेली आहे, सीआरपी आणि ईएसआर नॉर्मल आहेत, डॉक्टर म्हणतात आजार आटोक्यात आहे. पण ती कायम गळून गेलेली असते. ऑफिसातून आली की थेट पलंगावर. सोमवार तर पूर्ण वाया जातो. अंघोळ करून आली तरी दहा मिनिटं नुसती बसून राहते. मागच्या शनिवारी मात्र बरं वाटतंय म्हणून दिवसभर कपाटं आवरली आणि पुढचे दोन दिवस उठली नाही. खरं सांगायचं तर कधी कधी वाटतं, हा आळस तर नाही? तसं एकदा बोलून गेलो आणि आठवडाभर अबोला झाला. मी तिला उठवून चालायला लावू, की पडू देऊ?

उत्तर: आळस आणि थकवा यांतला फरक तुम्हीच लिहून पाठवला आहे. आळशी माणूस बरं वाटलेल्या दिवशी कपाटं काढत नाही, आणखी लोळतो. तुमच्या पत्नीच्या अंगात जरा ताकद आली की त्यांना कामं उपसावीशी वाटतात, आणि मग शरीर त्याची दोन दिवस वसुली करतं. इच्छा आहे, त्राण नाही. आळसात नेमकं उलटं असतं.

आता रिपोर्टचं. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन आहे, शरीरात कुठे दाह पेटला की ते वाढतं. ईएसआर म्हणजे नळीत उभ्या ठेवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात त्याचं माप. दोन्ही तपासण्या दाह मोजतात. थकवा मोजणारी रक्ताची तपासणी अस्तित्वातच नाही, तो माणसाला विचारूनच मोजावा लागतो. त्यासाठी १९८९ साली आलेली ‘फटीग सिव्हिअरिटी स्केल’ ही नऊ वाक्यांची प्रश्नावली आजही वापरतात, आणि ती मुळात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि ल्युपस या, आमवातासारख्याच प्रतिकारयंत्रणा स्वतःच्या शरीरावर उलटण्याच्या आजारांच्या रुग्णांवरच पारखली गेली. प्रत्येक वाक्याला १ ते ७ गुण द्यायचे, सरासरी ४ किंवा त्याहून जास्त आली तर थकव्याची दखल घ्यायची. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘सूज आटोक्यात’ इतकाच. त्यापुढचं त्या कागदावर लिहिलेलं नसतं.

हा थकवा येतो कुठून, हे कळायला फ्लूचे दिवस आठवा. विषाणू नाका-घशात असतो, पण पाय उचलवत नाहीत, जेवण नको वाटतं, कुणी बोलायला आलेलं नको वाटतं. ही अवस्था बहुतांशी विषाणू आणत नाही, आपलीच प्रतिकारयंत्रणा आणते. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ अशा नावांचे तिचे निरोपे रक्तातून आणि व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून मेंदूकडे जातात आणि मेंदू हुकूम सोडतो: हालचाल बंद, सगळी शक्ती लढाईला द्या. फ्लूत हा हुकूम चार-आठ दिवसांत मागे घेतला जातो. आमवातासारख्या ऑटोइम्यून आजारात प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटलेली असते, त्यामुळे लढाईला शेवट नसतो आणि हुकूमही उठत नाही. म्हणूनच दिवसभर राबल्यावर येणारा शीण आणि हा थकवा वेगळे. शीण झोपेने उतरतो. हा थकवा घेऊनच माणूस सकाळी जागा होतो.

मग सूज उतरल्यावरही तो का राहतो? कारण तोवर त्यात आणखी बऱ्याच गोष्टी मिसळलेल्या असतात. आमवातावरच्या अभ्यासांत वारंवार असं दिसलं आहे की थकव्याचं नातं सुजलेल्या सांध्यांच्या संख्येपेक्षा वेदना, झोप आणि मनःस्थितीशी जास्त घट्ट आहे. टीएनएफ अडवणाऱ्या महागड्या बायोलॉजिक औषधांनीसुद्धा थकव्यात थोडा ते मध्यम फरक पडतो, तो जात नाही. म्हणून ‘औषध वाढवून द्या’ हा दर वेळी उपाय नसतो. थकवा ही बेरीज आहे. तिच्यातली एकेक रक्कम शोधायची आणि वजा होईल तेवढी करायची, असा हा हिशोब आहे. एका झटक्यात सगळा थकवा घालवणारी गोळी कुणी देत असेल तर त्या गोळीपासून लांब राहा. नाव-घटक न सांगता दिलेल्या पुड्या-गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे, आणि आठ दिवसांत आलेली ती ‘तरतरी’ त्याचीच असते. ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ गोष्टींचंही तेच. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, तिचा नेम चुकला आहे.

पहिली रक्कम उघड दिसते आहे: सोमवार. रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट, सोमवारी दिवस वाया. या औषधानंतरचे २४ ते ४८ तास अनेकांना जड जातात. डोकं जड, मळमळ, काहीही करू नये असं वाटणं. गोळीचा वार तुमच्या आठवड्याशी जुळत नाही, एवढाच तिथे दोष असू शकतो. सोमवारी ऑफिस असेल तर गोळी शुक्रवारी रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. वार कसा सरकवायचा ते त्यांनाच ठरवू द्या, कारण मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि सरकवण्याच्या गोंधळात एक मात्रा जास्त गेली तर रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. सोबत फॉलिक ॲसिड चालू आहे का, किती आणि कोणत्या वारी, हेही विचारा. ते नीट घेतलं जात नसेल तर मळमळ आणि तोंड येणं वाढतं. तरीही भागलं नाही तर गोळीऐवजी तेच औषध त्वचेखालच्या इंजेक्शनने घेता येतं, काहींना ते पोटाला बरंच सोपं जातं.

दुसरी गोष्ट स्टिरॉइडची, आणि तुमचं पत्र वाचताना तिथे आम्ही थबकलो. बाहेरून रोज स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतात. काही आठवड्यांपेक्षा जास्त काळ गोळी चालली असेल तर हे होऊ शकतं, इथे तर दीड वर्ष आहे. गोळी थांबल्यावर ग्रंथी जाग्या व्हायला कधी आठवडे लागतात, कधी कित्येक महिने. तोवर थकवा, भूक मंदावणं, उभं राहिल्यावर गरगरणं, वजन उतरणं असं चालतं आणि सीआरपी मात्र व्यवस्थित असतो. यासाठी सकाळी आठ-नऊच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात. दुपारच्या नमुन्याचा उपयोग नाही, कारण कॉर्टिसॉल पहाटे चढतं आणि दिवसभर उतरत जातं. पुढच्या भेटीत ‘स्टिरॉइड तीन महिन्यांपूर्वी बंद झालं, तेव्हापासून थकवा वाढला का कमी झाला’ हे तारखांसह सांगा. जुनी गोळी मात्र आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका.

आता रक्त. हिमोग्लोबिन बाईचं १२ ग्रॅमच्या खाली असेल तर पंडुरोग, म्हणजे ॲनिमिया धरतात. पण आमवातात त्याची एक फसवी तऱ्हा असते. इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते लोहाच्या वाटा बंद करतं. आतड्यातून लोह आत येत नाही, साठ्यातलं बाहेर पडत नाही. कोठार भरलेलं, पण किल्ली हेपसिडिनच्या कमरेला. यात फेरिटिनचा आकडा दगा देतो, कारण फेरिटिन लोहाचा साठा दाखवतं तसंच ते दाहानेही वाढतं. निरोगी माणसात ३० च्या खालचं फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता. दाह असलेल्या माणसात ७०-८० असलं तरी कमतरता असू शकते. म्हणून फेरिटिनसोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे तेही, बघायला सांगा. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर शंका घ्यायला जागा आहे. ४१ व्या वर्षी पाळीत रक्तस्राव वाढलेला असू शकतो, वेदनाशामकांनी जठरातून सूक्ष्म रक्तस्राव होत असू शकतो. हे दोन्ही डॉक्टरांना आपणहून सांगावं लागतं, ते रिपोर्टवरून कळत नाही.

थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ताची तपासणी करायचीच. एक ऑटोइम्यून आजार असलेल्यांत दुसरा निघण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते आणि थायरॉइड त्यात वरच्या क्रमांकावर. एक बारीक गोष्ट: मेथोट्रेक्सेटने केस गळतात म्हणून बऱ्याच जणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. ५ ते १० मिलिग्रॅमच्या त्या गोळ्या काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे खोटे दाखवतात. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा. याशिवाय बी-१२, साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या एकदा झालेल्या असाव्यात. पोट वारंवार बिघडत असेल किंवा लोह कितीही देऊन चढत नसेल तर सीलिॲक आजाराची, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन न सोसणाऱ्या ऑटोइम्यून आजाराची, टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी करतात. ती होण्याआधी आपल्या मनाने ग्लूटेन बंद करू नका, तपासणी खोटी निगेटिव्ह येते. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा, पण थकवा त्यानेच जाईल अशी आशा नको.

झोपेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, आणि इथे तुमच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. त्या घोरतात का? घोरता घोरता श्वास थांबून मग धसकल्यासारखा परत सुरू होतो का? तसं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी हवी. ती आता घरी झोपूनही करता येते, आणि सापडलं तर उपाय आहे. कूस बदलताना खांदा किंवा कंबर दुखून जाग येते का? मग रात्रीचं वेदनाशामक किती वाजता घ्यायचं हा प्रश्न आहे, झोपेच्या गोळीचा नाही. ॲलर्जीच्या, मज्जातंतूंच्या दुखण्याच्या आणि काही रक्तदाबाच्या गोळ्याही दिवसा सुस्ती आणतात. सगळ्या औषधांची यादी एका कागदावर नेली तर डॉक्टरांच्या नजरेत ते पटकन येतं. दुपारची डुलकी चालेल, पण २०-३० मिनिटांची आणि तीनच्या आधी. ऑफिसातून आल्यावर सातला लागलेली तासभर झोप रात्रीची झोप खाते आणि सकाळी पुन्हा तेच चक्र. कॅफीनचं निम्मं प्रमाण उतरायला पाच-सहा तास लागतात, म्हणून संध्याकाळी थकवा मारायला घेतलेला कप रात्री बाराला अंगात असतो.

मनाचं थोडक्यात. नैराश्यानेही थकवा येतो आणि लांबलेल्या थकव्यानेही नैराश्य येतं. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी आताही कराव्याशा वाटतात पण अंग साथ देत नाही, की वाटणंच संपलं आहे? दुसरं असेल आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्याचा उपचार वेगळा आणि बऱ्यापैकी खात्रीचा आहे. आळशीपणाचा आरोप ऐकत राहणं, ही या बेरजेतली एक रक्कम होऊन बसते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता रोजच्या दिवसाकडे येऊ. अंघोळीचंच घ्या. बाहेरून ती पंधरा मिनिटांची क्षुल्लक गोष्ट दिसते. प्रत्यक्षात सकाळी बोटं आखडलेली असताना नळ फिरवायचा असतो. उभं राहून कढत पाणी अंगावर घेतलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाब खाली येतो आणि हृदय धावायला लागतं. केस धुताना दोन्ही हात पाच-सात मिनिटं डोक्यावर, म्हणजे आधीच दुखणाऱ्या खांद्यांवर पूर्ण भार. पाय धुवायला वाकायचं, टॉवेल पिळायचा, घासून अंग पुसायचं, ओले केस वाळवायला पुन्हा हात वर. एवढं करून बाहेर आल्यावर त्या दहा मिनिटं बसतात ते बरोबरच करतात. खर्च मात्र कमी करता येतो. खाली रबर असलेलं, न घसरणारं स्टूल घेऊन बसून अंघोळ. पाणी कोमट ते गरम, कढत नको. सकाळच्या आखडलेपणाला ऊब हवी असते, पण बसून घेतली तर गरगरत नाही. केस धुणं अंघोळीतून वेगळं काढून सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी. लांब दांड्याचा ब्रश. पुसण्याऐवजी टॉवेलच्या कापडाचा झगा अंगावर चढवून पाच मिनिटं बसायचं, अंग आपोआप कोरडं होतं. कपडे आदल्या रात्री काढून ठेवलेले. दिवसातली अशी चार-पाच कामं फोडून पाहिली की ऑफिसातून येताना अंगात थोडं काही शिल्लक राहतं.

कुठली कामं फोडायची ते कळायला दोन आठवड्यांची वही ठेवा. जास्त नाही, दिवसाला दोन ओळी. थकव्याला ० ते १० आकडा द्यायचा: ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे पलंगावरून उठवत नाही. उठल्यावर, दुपारी दोनला आणि रात्री आठला. सोबत झोपेचे तास, सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं टिकला आणि त्या दिवशीचं मोठं काम. नोंद अशी दिसते: ‘मंगळवार. झोप ६ तास, दोनदा जाग. आखडलेपणा ४० मिनिटं. ५, ५, ८. संध्याकाळी पाऊण तास उभं राहून इस्त्री.’ आणि दुसऱ्या दिवशी: ‘बुधवार. झोप ७ तास. ७, ७, ८. विशेष काम नाही.’ एकट्या बुधवारकडे पाहिलं तर काही न करता थकवा वाढला असं वाटेल. वरची ओळ वाचली की कळतं की तो मंगळवारच्या इस्त्रीचा आहे. वही नसताना नवराबायकोचं भांडण नेमकं याच बुधवारवरून होतं. वही त्यांनी स्वतः लिहायची. तुम्ही हजेरी घेतल्यासारखे आकडे विचारत बसाल तर तिसऱ्या दिवशी ती बंद पडेल.

चौदा दिवसांनंतर बघा, कोणत्या कामात किती वेळाने आकडा दोनने चढतो. समजा उभ्याने स्वयंपाकघरात काम करताना ४० मिनिटांनी चढत असेल, तर ३० व्या मिनिटाला थांबायचं. थकल्यावर थांबायचं नाही, थकण्याच्या आधी थांबायचं. सगळ्यात जास्त गडबड इथे होते, कारण ३० व्या मिनिटाला बरंच बरं वाटत असतं आणि ‘एवढं उरकूनच बसते’ हे वाक्य तोंडात येतं. त्या विश्रांतीची दहा मिनिटं म्हणजे डोळे मिटून, पाठ टेकून. फोन बघत बसणं ही विश्रांती नाही, मेंदूचं कामही याच खात्यातून खर्च होतं. गोंगाट, हिशोब, लांबलेली मीटिंग, सगळंच. हे प्रमाण दोन आठवडे स्थिर राहिलं तरच दहाएक टक्क्यांनी वाढवायचं, म्हणजे ३० ची ३३ मिनिटं. कपाटांच्या शनिवारासारखा दिवस आला की दिवसाला एक कप्पा. बरं वाटलेल्या दिवशी कमी करणं वाईट दिवशी पडून राहण्यापेक्षा अवघड असतं, हे ध्यानात ठेवा आणि तुम्हीही ‘आज बरी आहेस तर ते पण काढू या’ म्हणू नका.

याचा अर्थ सगळी कामं काढून घेऊन त्यांना झोपवून ठेवायचं असाही नाही. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, मग तेच काम करायला जास्त ताकद लागते, मग आणखी थकवा. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या ‘युलार’ या संघटनेने २०२३ मध्ये खास थकव्यासाठी शिफारशी काढल्या. त्यांत थकवा नियमित विचारून नोंदवणं, झेपेल असा व्यायाम आणि वर्तनोपचारावर आधारलेलं मार्गदर्शन यांवर भर आहे. ब्रिटनमधल्या ‘लिफ्ट’ नावाच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा व्यायामाचा कार्यक्रम आणि हे मार्गदर्शन फोनवरून दिलं होतं, आणि दोन्हींनी नेहमीच्या उपचारांपेक्षा थकवा जास्त उतरला. म्हणजे व्यायामशाळा लागत नाही.

सुरुवात पाच ते दहा मिनिटं सपाट जमिनीवर चालण्याने, दिवसातून दोनदा. वेग इतकाच की चालता चालता बोलता यावं, गाता येऊ नये. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंसाठी: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं पाच वेळा, भिंतीला हात लावून उभ्याने ढकलणं पाच वेळा. एखादा सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी त्या सांध्याची फक्त हलकी हालचाल, भार नाही. व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल किंवा दुसऱ्या सकाळी आकडा दोनने चढलेला असेल, तर प्रमाण निम्म्यावर आणा, बंद करू नका. पुढे महिन्यांनी आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोचता आलं तर उत्तम, पण तो आकडा पहिल्या दिवशी डोळ्यांपुढे ठेवण्यात अर्थ नाही.

इथे एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. थोड्याशाच श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी माणूस अगदी कोलमडत असेल, कित्येक दिवस सावरत नसेल आणि दर वेळी असंच होत असेल, तर हे मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं लक्षण असू शकतं. त्यात ठरावीक दराने व्यायाम वाढवत नेणं घातक ठरतं, आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये तो सल्ला मागे घेतला. कपाटांनंतरचे दोन दिवस एवढ्यावरून हे ठरत नाही, दिवसभर राबल्यावर दोन दिवस जाणं आमवातातही होतं. वहीत दहा मिनिटांच्या चालण्यानंतरही तीच घसरण दिसत असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना वही दाखवा.

हे सदर वाचणाऱ्यांत इतर ऑटोइम्यून आजारांचेही लोक असतील, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. ल्युपसमध्ये आजार पेटलेला असतानाही सीआरपी नॉर्मल राहू शकतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस या यकृताच्या आजारात थकवा किती आहे आणि यकृत किती बिघडलं आहे याचा मेळ बसत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये अंगाचं तापमान किंचित वाढलं तरी लक्षणं उफाळतात. १८९० मध्ये हे नोंदवणाऱ्या नेत्रतज्ज्ञाच्या नावाने त्याला उटहोफ परिणाम म्हणतात. तिथे गार पाण्याची अंघोळ आणि थंडावा देणारं जॅकेट उपयोगी पडतं. त्याच आजारात थकव्यासाठी दिल्या जाणाऱ्या मोडाफिनिल, अमँटाडिन आणि मिथाइलफेनिडेट या तीन गोळ्या २०२१ च्या एका मोठ्या तुलनेत नुसत्या नकली गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

काही लक्षणांना वही-बिही नको, लगेच डॉक्टर हवेत. मेथोट्रेक्सेट चालू असताना ताप, तोंडात फोड, किंवा नवा कोरडा खोकला आणि धाप. छातीत दुखणं. स्टिरॉइड नुकतंच बंद झालेल्या माणसाला उलट्या, भोवळ, असंबद्ध बोलणं, ही तर तातडीची अवस्था आहे, रात्र असली तरी थांबायचं नाही. काळी शौच. पायांवर सूज आणि फेसाळ लघवी. प्रयत्न न करता उतरणारं वजन. आणि थकव्यापेक्षा वेगळी अशी खरी अशक्तता: खुर्चीतून उठताच न येणं, हात डोक्यापर्यंत न जाणं, संध्याकाळी पापण्या पडणं किंवा एकाचे दोन दिसणं. थकलेला माणूस कष्टाने का होईना, एकदा हात वर करतो. अशक्त स्नायूला ते जमतच नाही, आणि त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं.

डॉक्टरांकडे जाताना ‘फार थकते हो’ एवढंच सांगितलं की ‘आराम करा’ एवढंच उत्तर मिळतं. वहीची दोन पानं पुढे ठेवा आणि तीन गोष्टी विचारा: मेथोट्रेक्सेटचा वार बदलता येईल का, सकाळचं कॉर्टिसॉल बघायचं का, आणि लोहासाठी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन झालं आहे का. जमल्यास सोबत जा. घोरण्याचं तुम्हीच सांगायचं आहे.

राहिला तुमचा प्रश्न, उठवू की पडू देऊ. दोन्ही त्यांच्याऐवजी तुम्ही ठरवत आहात. रात्री आठला त्या आपणहून आकडा सांगणार असतील तर तो ऐकून घ्या, त्यावर मत देऊ नका. ७ च्या वर असेल तर उद्याचं एक काम तुमच्याकडे येईल, कोणतं ते आधीच, भांडण नसलेल्या दिवशी ठरवून ठेवा. ४ च्या खाली असेल तर दहा मिनिटं चालायला तुम्हीही सोबत निघा, त्यांच्या वेगाने. ‘आळस’ म्हणालात त्याबद्दल एकदा सरळ माफी मागा, स्पष्टीकरण न जोडता. आणि ज्या संध्याकाळी केस धुवायचे असतील तेव्हा ते वाळवून द्यायचं काम तुम्ही घ्या, दोन्ही हात वर करून सात मिनिटं.